मोटेच्या चामड्याची टोपी

फटफटी घरी आली त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. शेजारणी बघायला आल्या, कोणी तिला हळद-कुंकू वाहिलं, कोणी नारळ फोडला, आणि मी आपली मागच्या दारी तोंड फुगवून बसले होते. लढाई संपली होती, लष्कराचं सामान लिलावात निघत होतं, आणि आमच्या यांनी त्यातली एक हिरवट, पोचे पडलेली, तेल गळणारी फटफटी नागपूरहून आणली होती. दोन दिवस तिला रॉकेलनं धुणं चाललं होतं. मी तापानं फणफणले होते तेव्हाही त्यांनी माझी एवढी उस्तवार केली नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मी काही मनात ठेवणारी बाई नाही.

हे मिस्त्री होते, तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे. आम्ही आमगावला राहायचो. त्या काळी आमच्या धानाच्या मुलखात खेडोपाडी धान भरडायच्या लहान गिरण्या निघाल्या होत्या. ‘हलर’ म्हणायचे त्यांना. इंजिन चालू असलं की गाव सुखी. बंद पडलं की बायांच्या हातात पुन्हा मुसळ. मग यांना सांगावा यायचा. केशोरीला जायचं तर आधी गोंदिया, गोंदियाहून छोट्या रुळाच्या गाडीनं अर्जुनी, आणि अर्जुनीहून पुढं बैलगाडी. दोन दिवस जायला, दोन यायला, आणि काम काय तर एखादा वॉशर बदलायचा. फटफटी आल्यापासून हे सकाळी चहा पिऊन निघायचे आणि दुपारी केशोरीत इंजिनाखाली आडवे झालेले असायचे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतंच. पण बरोबर असलेल्या माणसाशीही मला भांडता येतं.

पडायचे मात्र फार. रस्ते कसले, नुसता मुरूम आणि धूळ. कधी फटफटीच्या आवाजानं बैल बुजायचे आणि गाडी आडवी यायची. कधी वळणावर म्हशी बसलेल्या. म्हैस काही भोंगा ऐकून उठणारं जनावर नाही. कधी डोळ्यात किडा जायचा आणि तो डोळा पुसेपर्यंत हे बांधावरून खाली. एकदा धोतराचा सोगा साखळीत गेला आणि आमचे मिस्त्री अर्धं धोतर नेसून घरी आले. वरून मलाच म्हणाले, ‘‘हसू नको वं.’’ मी कुठली हसते? मी हळद वाटली आणि गुडघ्यावर थापली.

गावाचं निदान ठरलेलं होतं. नजर लागली! मग कोणी लिंबू-मिरची बांधली, कोणी बिब्बा, कोणी काळी बाहुली. हँडलला एवढं लटकलं होतं की दिवा दिसेना. यांनाही ते पटलेलं.

‘‘नजर दरवेळी गुडघ्यावरच कशी लागते जी?’’ मी विचारलं.

‘‘तुले काही समजत नाही,’’ हे म्हणाले.

‘‘मले एवढं समजते का माणूस दगडावर पडला तं फुटते. लिंबू मंधात येत नाही.’’

पूस महिन्यात केशोरीच्या पाटलांच्या घरी नवं इंजिन बसलं. यांनी तीन दिवस राबून ते चालू केलं. आमच्याकडे पाहुण्याचा मान दुपट्ट्यानं करतात. हातात नारळ, कपाळाला गुलाल आणि गळ्यात लांबलचक दुपट्टा. तो दुपट्टा गावाची शीव ओलांडेपर्यंत गळ्यातून काढायचा नसतो. काढला तर घालणाऱ्याचं तोंड उतरतं. हे इंजिनाला वाट्टेल त्या शिव्या घालतील, पण माणसाला ‘नको’ म्हणणं यांना कधी जमलं नाही. सगळं गाव निरोपाला उभं, बाया दारादारात उभ्या, आणि हे गळ्यात दुपट्टा घालून, दोन्ही टोकं पाठीवर सोडून निघाले. केवढी ऐट असेल! मला ती अजून दिसते आणि अजून राग येतो.

शीव दोन शेतं राहिली होती. वाऱ्यानं दुपट्ट्याचं टोक मागच्या चाकात गेलं. चाकानं ते गुंडाळून घेतलं आणि यांना मानेला धरून मागं आपटलं. दुपट्टा फाटला म्हणून गळा वाचला. डोकं दगडावर आदळलं.

गावकऱ्यांनी खाटेवर घालून अर्जुनीला आणलं, तिथून गाडीनं गोंदियाच्या दवाखान्यात. आमगावच्या स्टेशनात तार आली. मी नेसत्या लुगड्यानिशी गाडीत बसले. दवाखान्यात पोचले तर पांढऱ्या फडक्यांत गुंडाळलेलं एक डोकं आणि त्याखाली यांच्या मिशा. मिशांवरून ओळखलं मी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. मी वाकून बघितलं. ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले, आणि मग अगदी अदबीनं म्हणाले, ‘‘बाई, तुमचं कोण आहे इथं?’’

तुमचं! लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या माणसानं मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि पदर तोंडात कोंबला. मेलेल्या नवऱ्यासाठी रडायची रीत असते, चार बाया जवळ येऊन बसतात. जिवंत नवऱ्यानं ओळखलं नाही तर कोणाजवळ रडायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब लढाईवर जाऊन आलेले होते. फार बोलायचे नाहीत. मला म्हणाले, ‘‘बाई, मेंदूला मार आहे. वाट बघा.’’ मी वाट बघितली. रोज सकाळी जाऊन उभी राहायचे, रोज ते मला नमस्कार करायचे. डोळे उघडल्यापासून आठव्या दिवशी मी पाण्याचा तांब्या भरून ठेवत होते तर मागून आवाज आला, ‘‘म्हशीले कोण पाहून राहिलं?’’

तांब्या पडला हातातून. म्हैस! आमचीच म्हैस! मी म्हटलं, ‘‘मरो ते म्हैस! तुम्ही मले ओळखता का?’’ तर हे म्हणतात, ‘‘कायले ओरडून राहिली? तुले नाही ओळखीन तं कोणाले ओळखीन?’’ आठ दिवस नमस्कार घातले, त्याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ‘‘या खेपेला माणूस परत आला,’’ ते म्हणाले. ‘‘याच डोक्यावर पुन्हा असा मार बसला तर जीव वाचला तरी माणूस परत येईल याची हमी मी देत नाही.’’ पुढं म्हणाले, ‘‘लष्करात निरोप घेऊन फटफटीवर पळणारे शिपाई असत. पडून पडून त्यांची डोकी फुटायची. मग त्यांना कडक टोप्या घालायची सक्ती झाली. टोपी घातलेले पडायचे तेवढेच, पण उठून बसायचे. तुम्ही मात्र ती गाडी विकूनच टाका.’’

विकायचीच होती. मी घरी आल्या आल्या गोंदियाच्या गॅरेजवाल्याला निरोप धाडला. तो येऊन चाकं बडवून बघून गेला, ‘‘होली के बाद ले जाऊंगा, बहनजी,’’ म्हणाला. फटफटी छपरीत पोत्याखाली उभी होती आणि हे दिवसभर तिच्यासमोर ओट्यावर बसलेले. हात थोडे कापायचे. जवळपासची कामं यायची, ती करायचे, पण लांबचा सांगावा आला की ‘जमत नाही’ म्हणून परत पाठवायचे. रेल्वे आणि बैलगाडीचे धक्के अजून सोसत नव्हते, चक्कर यायची. जेवताना सुद्धा बोलत नसत. मला वाटायचं, डोकं वाचलं पण हा माणूस हळूहळू विझून राहिला.

शिमग्याच्या आधी केशोरीचे पाटील आमच्या दारात आले. म्हातारा माणूस, बैलगाडीतून उतरला तो खाली मान घालूनच. तांदळाचं पोतं ओट्यावर ठेवलं आणि बसला. चहा दिला, घेतला नाही.

‘‘माह्या दुपट्ट्यानं झालं,’’ एवढंच म्हणाला.

मी गप्प बसणारी थोडीच! ‘‘हाव, तुमच्याच दुपट्ट्यानं झालं,’’ मी म्हटलं. ‘‘माणसाचा मान करता का मान मोडता? फटफटीवर बसणाऱ्याच्या गळ्यात पाच हात कापड घालून कोणी धाडते का?’’ हे आतून ‘अवं, अवं’ करत होते. मी काही थांबले नाही, मनात साचलं होतं ते सगळं ओतलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘तेव्हापासून मी कोणाले दुपट्टा घातला नाही, बाई. पोरीच्या लग्नात व्याह्याले बी नाही घातला. लोक रुसले. पण मान करायचा कसा मंग, तेही सांगा ना.’’

आता मला काय ठाऊक? पण तोंडातून निघून गेलं, ‘‘घाला ना. अंगणात घाला, सगळ्यायसमोर घाला. आनं जाताना तुमच्याच हातानं काढा, घडी करा, झोळीत ठेवा. ज्यानं घातला त्यानंच काढला तं अपमान कोणाचा?’’

मग पाटलांनी चहा मागितला. जाताना यांना म्हणाले, ‘‘मिस्त्री, हलर बंद पडून महिना झाला. दुसरा मिस्त्री आणला, त्यानं आणखी बिघडवलं. बाया मुसळ घेऊन राहिल्या आनं मले शिव्या देऊन राहिल्या.’’ यांनी छपरीकडे बघितलं. ती नजर मी पकडली. आठ दिवस नमस्कार घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आणि या डोळ्यांत काही फरक राहिला नव्हता; दोन्ही तेवढेच हरवलेले. तेव्हाच मी ठरवलं. गाडी विकली तर हा माणूस असाच ओट्यावर बसून संपेल. गाडी ठेवली तर डोकं फुटून संपेल. मग डोकंच फुटू द्यायचं नाही.

गोंदियाच्या बाजारात पायाचे तुकडे पडेस्तोवर फिरले. गॅरेजवाल्याला आधी ‘गाडी विकायची नाही’ म्हणून सांगितलं, मग टोपीचं विचारलं. तो म्हणाला, ‘‘ऐसी टोपी इधर कहाँ मिलेगी बहनजी, वो तो मिलिट्री में मिलती है.’’ साहेबी टोप मिळत होता, भेंडाचा, ऊन लागू नये म्हणून घालायचा. दाबला तर बोट आत जात होतं. मी तो तिथंच ठेवला आणि घरी आले.

आमच्या वस्तीच्या टोकाला एक म्हातारे चांभारमामा होते. विहिरीतून पाणी ओढायच्या मोटा शिवायचे. मोटेचं चामडं जाड, पाण्यात राहून राहून लाकडासारखं कडक झालेलं. मी त्यांना सांगितलं, ‘‘मामा, याची टोपी शिवून द्या, कानांवरून खाली येणारी, हनुवटीखाली पट्टा.’’

मामा हसून हसून खोकले. ‘‘मोट डोक्यावर घालते का मिस्त्री? पाणी ओढाचं हाय?’’

‘‘आधी शिवा. मंग हसा.’’

त्यांनी शिवली. बाहेरून कडक झाली, पण आत डोकं गडगडत होतं. मी हात घालून बघितलं आणि मनात आलं, आम्ही बाया तीन-तीन हंडे डोक्यावर वाहतो, टाळू का फुटत नाही? खाली चुंबळ असते म्हणून. मग मी धानाची मऊ तणीस, म्हणजे पेंढा, वळून, जुन्या लुगड्यात गुंडाळून चुंबळी केल्या, एकावर एक तीन, आणि टोपीच्या आत टाके घालून बसवल्या.

हे बघायला तयार नाहीत. ‘‘मी नाही घालत. लोक म्हणतील मिस्त्री डोक्यावर गंज पालथा घालून फिरून राहिला.’’ गंज म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाचं पातेलं.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘नका घालू. कोहळ्याले घालू.’’

परसात कोहळ्याचा वेल होता. मी डोक्याएवढा एक कोहळा तोडला, शिडीनं छपरावर चढले आणि यांना हाक मारली. ते अंगणात आले. वरून कोहळा दगडी पाट्यावर सोडला. फटकन् फुटला, बिया यांच्या पायांवर उडाल्या. हे दचकून मागं सरले. मग दुसरा कोहळा टोपीत घालून, पट्टा आवळून सोडला. तोही फुटला, पण दोनच भकलं झाली. खाली चांभारमामा उभे होते. ते आता हसत नव्हते. टोपी उचलून त्यांनी आतून बघितली, ‘‘चामडं सरकून राहिलं. आणखी एक थर लावतो, उलटा,’’ म्हणाले आणि घेऊन गेले.

तीन दिवस आमच्या घरी कोहळ्याची भाजी, कोहळ्याची बोंडं, कोहळ्याची खीर. शेजाऱ्यांनाही कंटाळा आला. चौथ्या दिवशी नवा थर लावलेली टोपी आली. कोहळा घातला, सोडला. धप्प! मी शिडीवरून धावतच उतरले. पट्टा सोडला तर कोहळा अख्खा. देठाजवळ एक ओरखडा, बस्स. यांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, अंगठ्यानं दाबून बघितला. इंजिनाचा एखादा भाग बघावा तसा. मग आपल्या डोक्यावरच्या जखमेच्या वणावरून हात फिरवला आणि टोपी डोक्यावर चढवली. आरसा मागितला. मी दिला नाही.

धोतर गेलं, विजार आली. गिरणीच्या बारदानाचा अंगरखा शिवला, कोपरांवर आणि गुडघ्यांवर चामड्याची ठिगळं. डोळ्यांना गोंदियाहून चष्मा, धूळ अडवणारा. गळ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही, यावर त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. माझ्या डोक्यावर ठेवला तर मी विश्वास ठेवीन की नाही, याची त्यांना खात्री नसावी. लिंबू-मिरची मी काढली नाही. राहू दे बापडी, कोणाचं काय घेते!

चक्कर यायची थांबल्यावर पहिल्यांदा निघाले तेव्हा आमगावच्या बाजारात लोक पोट धरून हसले. ‘‘मिस्त्री, लढाई तं संपली ना गा!’’ ‘‘भाजी शिजली का गंजात?’’ हे मान ताठ ठेवून गेले. केशोरीत पाटलांनी अंगणात दुपट्टा घातला, नारळ दिला, आणि फटफटीजवळ आल्यावर सगळ्या गावासमोर स्वतः दुपट्टा काढून, घडी घालून झोळीत ठेवला. मग टोपी उचलून यांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी बसवली. हे घरी येऊन सांगत होते. ‘‘पट्टाही त्यायनंच बांधला,’’ म्हणाले. पुढं आजूबाजूच्या गावांतही तसंच सुरू झालं. पाहुण्याचा दुपट्टा यजमानानं काढायचा आणि टोपी यजमानानं चढवायची, अशी रीतच पडली. ज्याचा मान मोठा त्यालाच टोपी चढवायला मिळायची, त्यावरून म्हणे एका गावात भांडणही झालं!

हलर चालू झाले, हात कापायचे थांबले, जेवताना इंजिनाच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. मी पुन्हा ‘‘आता पुरे जी’’ म्हणू लागले. बरे दिवस होते ते.

आषाढ लागला. आमची धानाची दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, एवढी शेती होती, गावापासून कोसावर, रस्त्याला लागून. रस्त्याच्या पलीकडं बोडी, म्हणजे पाण्याचं लहान तळं, आणि अलीकडं आमच्या बांध्या. पाऊस चार दिवस दडी मारून बसला होता, पऱ्ह्याची रोपं पिवळी पडत होती, रोवणाऱ्या बाया सांगून ठेवलेल्या. पाणी हवं होतं ते आजच. आमच्याकडे सगळेच करतात तेच मी केलं. गड्याला सांगितलं, ‘‘रस्ता खोद, हातभर रुंद पाट काढ, पाणी इकडं घे. आनं वरून तणीस टाक.’’ तणीस टाकली की बैलगाडीचं चाक धक्का न खाता पाट ओलांडतं. वर्षानुवर्षं सगळे असंच करत आलेले. मी उभं राहून पाणी बांधीत येताना बघितलं, डोळे निवले, आणि बायांची शिदोरी करायला घरी आले.

हे केशोरीहून दुसऱ्या दिवशी यायचे होते. काम लवकर आटोपलं म्हणून त्याच दिवशी निघाले.

मी भाकरी थापत होते. रोवणाऱ्यांतली एक बाई चिखलाच्या पायांनी पळत दारात आली. ‘‘बाई, चला! मिस्त्री पडले. तुमच्याच बांधीपाशी.’’

‘‘जित्ते आहेत का?’’

‘‘बसून आहेत. पण बोलत नाहीत काही.’’

बोलत नाहीत. मी तशीच निघाले, पिठाचे हात, पायात काही नाही. कोसभर रस्ता मी पळाले. पळताना एकच मनात होतं. रस्ता मी खोदला. दुनियेला टोपी शिकवली, पाटलाला बोलले, आणि रस्ता मी खोदला. वरून तणसानं झाकलाही मीच. त्या तणसाखाली चाक गेलं असेल आणि डोक्यावर उलटे पडले असतील. आता ते मला नमस्कार करतील. करू देत, पण मी त्यांना काय सांगू, मी कोण आहे म्हणून?

पोचले तर फटफटी पाटात तोंड घालून पडलेली. बाया गोल करून उभ्या. हे बांधीच्या धुऱ्यावर बसले होते. बारदानाच्या बाह्या फाटलेल्या, तळव्याला खरचटलेलं. टोपी मांडीवर होती, डाव्या बाजूनं तिचं चामडं उभं चिरलेलं, आतली तणीस बाहेर आलेली. डोकं मात्र अख्खं होतं. रक्त कुठं दिसत नव्हतं.

मी दहा पावलांवर थांबले. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बघत राहिले. दवाखान्यात बघत होते तसंच, तेवढाच वेळ. मी मनात म्हणत होते, काही बोला जी, शिवी द्या, पण ‘बाई’ म्हणू नका.

त्यांनी पाटाकडे बघितलं. मग बांधीतल्या पाण्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

‘‘रस्ता तूच खोदाले लावला ना वं?’’ हे म्हणाले. ‘‘काऊन? बांधीत पाणी घ्याचं होतं तं रस्त्याखालून नळी नव्हती टाकता येत? अक्कल गहाण ठेवली होती का?’’

तू म्हणाले. वं म्हणाले. बांधी कोणाची ते ठाऊक होतं, आणि असली घाई या गावात कोण करते तेही. मी तिथंच चिखलात बसले आणि एवढ्या मोठ्यानं रडले की बाया घाबरून पाणी आणायला पळाल्या. हे उठून जवळ आले, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, ‘‘आता उठ. आधी पाट बुजवू, मंग रड.’’ आम्ही दोघांनी मिळून तो बुजवला.